धनुष्य वाढत्या अंगाचे घेऊ नये : गावातल्या मुलांना कमी खर्चात तिरंदाजी शिकवण्याचा क्रम

दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनचे पैसे हाती येतात, आणि आठवी-नववीतले मूल नेमका तोच मुहूर्त साधून घरात आर्चरीचा विषय काढते. पुढच्या आठ दिवसांत कुणीतरी मोबाइलवर पाहून धनुष्य मागवतो. ते येते, अंगणात चार जण ते ताणून पाहतात, पहिल्या महिन्यात चार बाण हरवतात, दोन मोडतात, मुलाचा खांदा दुखू लागतो आणि होळीच्या आत धनुष्य माळ्यावर जाते. मुलाला आवड नव्हती, असा निष्कर्ष मग घरचे काढतात. बहुतेक वेळा आवड असते. खरेदी चुकलेली असते, आणि त्याहीपेक्षा खरेदीची वेळ.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. भाच्यासाठी तीस पौंडांचे, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला तेवढा जोर लागणारे, धनुष्य घेतले, कारण पोर वाढते आहे, तीन वर्षे तरी पुरेल, असा हिशेब होता. शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो, तसाच. तेरा वर्षांचा तो मुलगा दोरी ओढताना कमरेतून मागे वाकायचा, डावा खांदा कानापर्यंत वर चढायचा, आणि बाण सुटण्याआधीच त्याचे डोळे मिटायचे. पुढे हलके धनुष्य हाती दिल्यावरही ते वाकणे मोडायला जवळपास वर्ष लागले. खालचा क्रम त्या अनुभवातून ठरवलेला आहे. त्यात धनुष्याची खरेदी चौथ्या पायरीवर येते आणि ती तिथेच यावी.

१. पैसे काढण्याआधी: डोळा, माप आणि चौकशी

पहिली तपासणी डोळ्याची. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाचा प्रधान डोळा उजवाच असेल असे नाही, आणि धनुष्य उजवे घ्यायचे की डावे, हे डोळ्यावरून ठरते. मुलाला दोन्ही हात समोर लांब करून तळव्यांच्या मध्ये बोराएवढी फट ठेवायला सांगावे. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून वीस पावलांवरचा विजेचा खांब पाहावा आणि नजर न हलवता हात हळूहळू चेहऱ्याकडे आणावेत. फट ज्या डोळ्यासमोर येऊन थांबते तो प्रधान डोळा. ही तपासणी तीन वेळा करावी आणि कशासाठी करतो आहोत हे मुलाला आधी सांगू नये. सांगितले की मुले ‘बरोबर उत्तर’ द्यायला बघतात. डावा डोळा प्रधान असेल तर डाव्या हाताचे धनुष्य घ्यावे, म्हणजे जे उजव्या हातात धरून डाव्या हाताने ओढतात ते. सुरुवातीला आठ दिवस अवघड वाटते, पण चुकीच्या डोळ्याने दोन वर्षे नेम धरण्यापेक्षा ते बरे.

दुसरे माप हातांच्या पसाऱ्याचे. मुलाला भिंतीला पाठ लावून उभे करावे, दोन्ही हात आडवे पसरायला सांगावे आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत अंतर मोजावे. या अंतराला अडीचने भागले की मुलाची ओढ, म्हणजे ड्रॉ लेंग्थ, अंदाजाने मिळते. पसारा १६० सेंटिमीटर असेल तर ओढ ६४ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २५ इंच. हा आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवावा, कारण या वयात तो दर सहा महिन्यांनी बदलतो आणि धनुष्य व बाण या दोन्हींचा हिशेब त्यावरच चालतो.

तिसरे काम चौकशीचे. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय असते. तिथे आणि शाळेच्या क्रीडा शिक्षकांकडे तीन प्रश्न विचारावेत: आपल्या पोहोचण्याच्या अंतरात प्रशिक्षक कोण आहेत, तिथे इंडियन राऊंड (लाकडी-बांबूचे साधे धनुष्य), रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले धनुष्य) आणि कंपाउंड (टोकांना चाके असलेले यंत्राचे धनुष्य) यांपैकी काय शिकवतात, आणि नव्या मुलाला पहिले दोन-तीन महिने तिथले धनुष्य वापरायला मिळते का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तर चौथी पायरी तेवढे महिने पुढे ढकलावी. आठवड्यातून एकदा एसटीने तालुक्याला जाण्याचा खर्च चुकीच्या धनुष्यापेक्षा नक्की कमी असतो.

तपासणी: प्रधान डोळा, हातांचा पसारा आणि जवळच्या केंद्रात शिकवला जाणारा प्रकार, या तिन्ही गोष्टी वहीत लिहिलेल्या नसतील तर पुढे जाऊ नये.

२. जागा

गावात जागेची कमतरता नसते, म्हणूनच या पायरीकडे दुर्लक्ष होते. सुरुवातीला नेमाचे अंतर पाच मीटर असले तरी विचार बाण चुकून जिथे जाईल त्या अंतराचा करावा लागतो. हलक्या धनुष्याचा बाणही हात वर असताना सुटला, तर शंभर मीटरच्या पुढे सहज जातो. त्यामुळे टार्गेटच्या मागे पांदण, घर, गोठा किंवा गुरांची वाट असलेली जागा बाद समजावी, मग ती कितीही सोयीची असो. अंगण आणि गच्ची यांचा तर विचारच करू नये.

उत्तम जागा म्हणजे शेततळ्याचा मातीचा भराव किंवा नाल्याचा उंच काठ, ज्याच्या पुढ्यात टार्गेट उभे करता येते. यात दोन धोके आहेत. भरावात मुरूम किंवा दगड वर आलेले असतील तर बाण मोडतो किंवा उसळून भलतीकडे जातो, म्हणून टार्गेटमागचा पट्टा कुदळीने उकरून दगड वेचावेत आणि तिथे मऊ माती पसरावी. दुसरा धोका पलीकडच्या माणसाचा. भरावापलीकडून कुणी पाणी पाहायला चढून आला तर तो डोके वर येईपर्यंत दिसत नाही. म्हणून बाण चालवताना भरावावर लाल फडका लावलेली काठी रोवावी आणि शेजारच्या वावरवाल्यांना त्याचा अर्थ आधी सांगून ठेवावा.

दिशा शक्यतो अशी घ्यावी की नेम धरणाऱ्याचे तोंड उत्तरेकडे असेल, म्हणजे सकाळ-संध्याकाळ ऊन डोळ्यांत येत नाही. टार्गेटच्या पुढचे आणि मागचे गवत बोटभर ठेवून कापावे. खाली पडलेला बाण गवतावर दिसत नाही. तो गवताखाली आडवा सरकतो आणि दोन पावलांवर असूनही सापडत नाही. प्रत्येक फेरीत बाण मोजावेत आणि एकही कमी असेल तर त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवून तो शोधावा. हा नियम बाणाच्या किमतीसाठी नाही. वावरात राहिलेला बाण नांगरणीच्या वेळी बैलाच्या खुरात जातो, आणि त्याचे टोक चाऱ्यात गेले तर गाईच्या पोटात.

शिट्टीची शिस्त पहिल्या दिवसापासून लावावी, मूल एकटे असले तरी. स्पर्धेत दोन शिट्ट्या म्हणजे रेषेवर या, एक म्हणजे बाण चालवा, तीन म्हणजे बाण काढायला जा, आणि पाच म्हणजे जिथे असाल तिथे थांबा. शेतात हेच चार संकेत वापरावेत. शिट्टी मोठ्या माणसाच्या हातात असावी आणि ते माणूस नसेल तर बाण धनुष्याला लावू नये.

सावधान: मेळघाट, ताडोबा किंवा कुठल्याही अभयारण्याच्या शेजारी गाव असेल तर एक गोष्ट मुलाला स्पष्ट सांगावी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ यात शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा नावानिशी समावेश आहे, आणि पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाणे गुन्हा आहे. खेळाचे धनुष्य असल्याचे सांगून सुटका होत नाही. ससा, तितर, मोर यांच्यावर ‘नुसता नेम’ धरण्याची गंमतही पहिल्याच दिवशी बंद करावी. ज्या मुलाने एकदा पाखरावर नेम धरला त्याचे धनुष्य महिनाभर कुलपात ठेवावे, असे माझे मत आहे आणि ते मी पाळले आहे.

३. बट्रेस: टार्गेट घरी बांधणे

ज्यात बाण रुततो त्या गादीला तिरंदाज बट्रेस म्हणतात. विकतची बट्रेस महाग असते आणि तिची वाहतूक त्याहून महाग पडते. हलक्या धनुष्यासाठी ती घरी बनवता येते, आणि खर्च वाचवायची खरी जागा हीच.

सर्वांत टिकाऊ घरगुती प्रकार पुठ्ठ्याचा. किराणा दुकानातले नालीदार पुठ्ठ्याचे खोके उलगडून तीस सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात आणि त्या एकावर एक रचाव्यात, अशा की पट्ट्यांच्या कडा तिरंदाजाकडे येतील. खाली एक लाकडी फळी, वर एक फळी, दोन्ही बाजूंना लांब आट्याचे गज आणि नट. नट पाना लावून जितके आवळता येतील तितके आवळावेत. बाण दोन पट्ट्यांच्या मधे शिरतो आणि घर्षणाने थांबतो. पुठ्ठा फाडून थांबत नाही, म्हणून ही बट्रेस बरेच दिवस चालते. मधला भाग सैल झाला की नट पुन्हा आवळायचे, आणि झिजलेल्या मधल्या पट्ट्या वर-खाली बदलायच्या.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात तणसाची बट्रेस सोपी पडते. तणीस ओलसर करून दोरीने घट्ट वळून त्याची गादी करावी, किमान वीस सेंटिमीटर जाडीची, आणि पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नये. कापसाच्या पट्ट्यात काही जण युरियाच्या कट्ट्यात चिंध्या ठासून भरतात. तेही पाच-दहा मीटरपर्यंत चालते, मात्र चिंध्यांत बटन, चेन किंवा हूक राहू देऊ नये. पऱ्हाटीचा भारा मात्र अजिबात वापरू नये. काड्यांमध्ये बाण वाकडा अडकतो आणि काढताना मोडतो.

बट्रेसचा मध्य जमिनीपासून १३० सेंटिमीटरवर यावा आणि वरची कड किंचित मागे झुकलेली असावी. स्टँड मागून दोरीने खुंटीला बांधावा. वाऱ्याने बट्रेस पुढे पडली तर तिच्यात रुतलेले सगळे बाण एकाच वेळी मोडतात, आणि अवकाळीच्या दिवसांत असा वारा सांगून येत नाही.

तपासणी: मूल वापरणार ते धनुष्य हाती आल्यावर मोठ्या माणसाने त्याच धनुष्याने पाच मीटरवरून तीन बाण मारावेत आणि मागे जाऊन पाहावे. बाणाचे टोक मागून बाहेर दिसत असेल तर जाडी वाढवावी. पावसात ताडपत्री घालूनही पुठ्ठा दमट होतोच, म्हणून जून ते सप्टेंबर बट्रेस छपराखाली आणि जमिनीपासून वर, विटांवर ठेवावी; जमिनीला टेकली की वाळवी लागते.

४. धनुष्य आणि बाण

प्रकार निवडताना बातम्यांकडे पाहू नये. नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनमध्ये जगज्जेता झाला तेव्हापासून बरेच पालक थेट कंपाउंड मागतात. कंपाउंड धनुष्याची ओढ यंत्रानेच ठरलेली असते, मूल वाढले की ती बदलावी लागते, दोरी बदलायला धनुष्य दाबून धरणारा प्रेस लागतो आणि ते काम गावात होत नाही. कमी खर्चात सुरुवात करायची असेल तर दोनच पर्याय उरतात. जवळच्या केंद्रात इंडियन राऊंड चालत असेल तर लाकडी-बांबूच्या साध्या धनुष्याने सुरुवात करावी, ती सर्वांत स्वस्त पडते. तसे नसेल तर सुटे होणारे रिकर्व्ह घ्यावे, ज्यात मधला भाग, म्हणजे रायझर, एक असतो आणि वरचे-खालचे लिंब्स, म्हणजे वाकणारी पाती, वेगळे काढता येतात. रायझर आयएलएफ, म्हणजे लिंब्स जोडण्याच्या सामाईक, पद्धतीचा असेल तर त्यावर कुठल्याही कंपनीचे आयएलएफ लिंब्स बसतात. मूल वाढले की फक्त लिंब्स बदलायचे, आणि वापरलेले हलके लिंब्स मोठ्या मुलांकडून निम्म्या-पाऊण किमतीत मिळू शकतात. सगळी बचत या एका निर्णयात आहे.

आता वजन, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर. लिंब्सवर लिहिलेला पौंडांचा आकडा २८ इंच ओढीसाठी असतो आणि ओढ एक इंच कमी झाली की वजन सुमारे दोन पौंडांनी उतरते. २५ इंच ओढ असलेल्या मुलीने वीस पौंडांचे धनुष्य ओढले तर तिच्या बोटांवर चौदाच्या आसपास पौंड येतात. तेरा-चौदा वर्षांच्या नवशिक्यासाठी बोटांवर चौदा ते अठरा पौंड पुरेसे आहेत. अंगाने थोराड मुलालाही वीसच्या वर जाण्याचे कारण नाही. शेतातली कामे करणारी मुले ताकदवान असतात हे खरे, पण दोरी ओढणारे स्नायू पाठीत खांद्याच्या फऱ्याजवळ असतात, आणि पोते उचलणाऱ्याचेही ते तयार नसतात.

तपासणी: मुलाने दोरी हनुवटीपर्यंत ओढून दहा सेकंद स्थिर धरावी, हळूच परत आणावी, आणि मिनिटभर थांबून पुन्हा करावी. तिसऱ्या वेळी पुढचा हात थरथरला, खांदा वर चढला किंवा कंबर मागे गेली तर ते धनुष्य जड आहे. दुकानदार ‘सवयीने होईल’ म्हणाला तरी घेऊ नये.

धनुष्याची लांबी ओढीवरून ठरते: ओढ २५ इंचांपर्यंत असेल तर ६४ किंवा ६६ इंची, त्यापुढे २८ इंचांपर्यंत ६६ ते ६८ इंची. धनुष्य लहान असले की दोरी बोटांवर कोनात चेपते आणि मुले बोटे दुखतात म्हणून दोरी घाईने सोडतात.

बाणाच्या बाबतीत मात्र वाढत्या अंगाचा नियम चालतो. बाण ओढीपेक्षा किमान दोन इंच लांब घ्यावा. बाण आखूड असेल आणि मूल नेहमीपेक्षा थोडे जास्त ओढेल, तर टोक रेस्टवरून, म्हणजे बाण टेकवायच्या आधारावरून, मागे घसरते आणि सुटलेला बाण पुढच्या हातात शिरू शकतो. धनुष्य हलके असल्यामुळे बाणही लवचीक हवा. बाणावरचा स्पाइनचा आकडा जितका मोठा तितका बाण लवचीक, आणि या वजनाला साधारण १००० किंवा त्यापुढचा आकडा लागतो. सहा बाण एकसारखे घ्यावेत. दोन याचे, तीन त्याचे, असे नाही. कार्बनपेक्षा अ‍ॅल्युमिनियमचे बाण नवशिक्याला बरे, कारण अ‍ॅल्युमिनियम वाकलेले दिसते आणि कार्बनची चीर दिसत नाही.

याखेरीज फिंगर टॅब (दोरी ओढणाऱ्या बोटांवरचा चामड्याचा तुकडा), आर्मगार्ड (पुढच्या हातावरची पट्टी) आणि धनुष्याला दोरी चढवण्याची स्ट्रिंगर दोरी, या तीन स्वस्त वस्तू अनिवार्य आहेत. मुलींसाठी आणि सैल शर्टासाठी छातीवरचा चेस्टगार्ड जोडावा. क्विव्हर, म्हणजे बाणांचा भाता, घरच्या जुन्या जीन्सच्या पायाचा शिवता येतो. साइट, म्हणजे धनुष्यावर बसवायची नेमाची खूण, दोन महिन्यांनी घ्यावी. स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारा दांडा) आणि क्लिकर (ओढ पुरी झाली की आवाज करणारी पट्टी) पहिल्या वर्षी नको, कुणी फुकट दिले तरी.

५. जोडणी आणि रोजची पाहणी

धनुष्याला दोरी नेहमी स्ट्रिंगरनेच चढवावी. पाय घालून वाकवण्याची पद्धत गावात सर्रास दिसते. तिने लिंब पिळतो आणि पिळलेला लिंब सरळ होत नाही. दोरी चढवल्यावर लिंब्सची टोके तिरंदाजापासून दूर, टार्गेटच्या बाजूला वळलेली दिसली पाहिजेत. हे सांगण्याची गरज वाटू नये, पण उलटे जोडलेले धनुष्य मी दोनदा पाहिले आहे. ग्रिपच्या खोबणीपासून दोरीपर्यंतचे अंतर, म्हणजे ब्रेस हाइट, ६६ इंची धनुष्याला सव्वाआठ इंचांच्या आसपास असते. ते कमी भरले तर दोरी काढून तिला काही पीळ द्यावेत. दोरीवर नॉक, म्हणजे बाणाच्या मागची खाच, बसण्याची जागा रेस्टच्या काटकोनापेक्षा पाच-सहा मिलिमीटर वर दोऱ्याने गुंडाळून पक्की करावी.

रोज सुरुवातीला तीन गोष्टी बोटांनी चाचपाव्यात: दोरीचा एखादा धागा तुटला आहे का, लिंबवर भेग किंवा फुगवटा आहे का, आणि बाण. कार्बनचा बाण दोन्ही टोकांना धरून थोडा वाकवावा, फिरवून पुन्हा वाकवावा. कटकन आवाज आला किंवा बोटाला खरखर लागली तर तो मोडून टाकावा, बाजूला ठेवू नये, कारण बाजूला ठेवलेला बाण दुसऱ्या दिवशी परत क्विव्हरमध्ये येतो.

सावधान: बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नये. बाणाने नेली असती ती सगळी ताकद लिंब्समध्ये परत जाते आणि ते तडकतात. घरी आलेला प्रत्येक पाहुणा नेमके हेच करतो, म्हणून धनुष्य दोरी उतरवून पिशवीत ठेवावे. एप्रिल-मेमध्ये ते टिनाच्या खोलीत ठेवू नये. लिंब्सचे थर डिंकाने चिकटवलेले असतात आणि आपल्याकडच्या उन्हात ते सुटतात.

६. पंधरा दिवस बाणाविना

मुले याला कंटाळतात आणि पालक त्यांची बाजू घेतात. तरीही ही पायरी गाळू नये. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून तिचे कडे करावे आणि धनुष्याऐवजी ते ओढून रोज दहा मिनिटे हालचाल बसवावी: पाय खांद्याएवढे अंतर ठेवून रेषेच्या दोन्ही बाजूंना, खांदे खाली, पुढच्या हाताचे कोपर बाहेरच्या बाजूला वळलेले, ओढणारे कोपर कानाच्या मागे, हात हनुवटीखाली घट्ट टेकलेला. हनुवटीखालची ती जागा म्हणजे अँकर. ती दर वेळी एकच असली पाहिजे, कारण साइट नसताना बंदुकीच्या मागच्या माशीचे काम तीच करते.

समोर आरसा ठेवला तर अर्धे शिकवणे वाचते. आरसा नसेल तर मोबाइल खुंटीला बांधून चित्रण करावे आणि ते मुलालाच पाहू द्यावे.

तपासणी: डोळे मिटून दहा वेळा ओढल्यावर दहाही वेळा हात त्याच जागी टेकतो का? टेकत असेल तर बाण द्यावा.

७. पाच मीटरवरून कोऱ्या बट्रेसवर

पहिले दोन-तीन आठवडे बट्रेसवर रंगीत कागद लावू नये. कागद दिसला की मूल नेमामागे धावते आणि शरीर विसरते. बाणाच्या मागच्या पिसांपैकी वेगळ्या रंगाचे फेदर धनुष्यापासून बाहेरच्या बाजूला ठेवून नॉक दोरीवर टिचकीचा आवाज येईपर्यंत बसवावा. एक बोट नॉकच्या वर, दोन खाली, आणि नॉकला बोटांनी चिमटू नये. धनुष्य मुठीत आवळायचे नसते. ते अंगठ्याच्या मुळाशी टेकलेले असते आणि बोटे सैल राहतात. दोरी ‘सोडायची’ नसते, बोटे ढिली करायची असतात. बाण रुतल्याचा आवाज येईपर्यंत दोन्ही हात होते तिथेच ठेवावेत.

दिवसाला तीस ते चाळीस बाण, आठवड्यातून चार दिवस. थकल्यावर मारलेले शेवटचे दहा बाण आधीचे तीस बिघडवतात. उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठ एवढाच वेळ ठेवावा.

दोरी पुढच्या हातावर आपटून वळ उठत असेल तर आर्मगार्ड जाड करण्याआधी कोपर बाहेर वळले आहे का ते पाहावे. बहुधा तेच कारण असते. बाण पाच मीटरवर एकाच जागी मारायला सांगू नये. एकावर एक बसलेले बाण पाहून टाळ्या पडतात आणि दोन बाणांचे पैसे जातात. बट्रेसवर खडूने सहा ठिपके काढून प्रत्येकावर एक बाण मारायला लावावा.

बाण काढताना एक हात बट्रेसवर बाणाच्या दोन्ही बाजूंना बोटे ठेवून दाबावा, दुसऱ्या हाताने बाण मुळाशी धरून सरळ ओढावा, आणि मागे कुणी उभे नाही हे आधी वळून पाहावे. नॉकचे टोक डोळ्याच्या उंचीवर असते. दुखापती बाण काढतानाही होतात.

८. अंतर वाढवणे आणि साइट

आता ८० सेंटिमीटरचा टार्गेट फेस, म्हणजे रंगीत वर्तुळांचा कागद, लावून दहा मीटरवर जावे. या फेसवर पिवळा आणि लाल मिळून ३२ सेंटिमीटरचे वर्तुळ होते. सहा बाणांपैकी पाच त्यात, असे सलग तीन फेऱ्यांत झाले की पुढचे अंतर: अठरा मीटर, मग तीस. अंतर वाढवल्यावर पहिला आठवडा बाण खाली पडतील. त्यावर उपाय म्हणून धनुष्याचे वजन वाढवू नये. वजन वाढवायची वेळ वेगळी असते. साठ बाणांच्या सरावात शेवटची फेरी पहिल्या फेरीसारखी दिसू लागली, की दोन पौंड वाढवावेत, एकदम चार नाही.

साइट लावल्यावर सगळेच एकदा गोंधळतात. नियम एवढाच: बाण जिकडे, साइट तिकडे. बाण वर जात असतील तर साइट वर, डावीकडे जात असतील तर डावीकडे. मात्र एका बाणावरून साइट हलवू नये. सहा बाणांचा ग्रुप कुठे पडला ते पाहावे, आणि ग्रुपच पडत नसेल तर साइटला हात न लावता सहाव्या पायरीवर परत जावे. आमच्याकडची एक मुलगी दर बाणाला साइट फिरवायची. शेवटी स्क्रूवर चिकटपट्टी लावली तेव्हा पंधरा दिवसांत तिचा ग्रुप जमला.

९. पहिली स्पर्धा

शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात आणि प्रवेश शाळेमार्फतच जातो. वयाची तारीख, अंतर आणि धनुष्याचा प्रकार त्या वर्षीच्या परिपत्रकात पाहावा. मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नये. जन्मदाखला, आधार आणि बोनाफाईड यांवरची नावे अक्षरशः जुळतात का, हे जूनमध्येच तपासावे. अनेक मुले नेमात पात्र ठरून कागदात अडकतात.

महिनाभर आधी घरी गुण लिहून खेळावे. बाण रेषेला टेकला तरी वरचा गुण मिळतो, आणि गुण लिहून होईपर्यंत बाणाला, फेसला किंवा बट्रेसला कुणीही हात लावायचा नसतो. गुण झाले की फेसवरच्या प्रत्येक छिद्राला पेनाने खूण करायची, म्हणजे पुढच्या फेरीत एखादा बाण आपटून खाली पडला तर त्याचे छिद्र ओळखता येते. सगळे बाण एकसारख्या रंगांच्या फेदरचे आणि दांड्यावर मुलाच्या नावाची आद्याक्षरे असलेले असावेत.

पिशवीत जोडीची दुसरी दोरी असावी, आणि ती किमान शंभर बाण मारून बसलेली असावी. नवी दोरी पहिल्या दिवशी ताणते, ब्रेस हाइट उतरते आणि बाणांची पडण्याची जागा बदलते. त्याशिवाय चार जादा नॉक, मेणाचा तुकडा, ब्रेस हाइट आणि साइटच्या खुणा लिहिलेली वही, पाण्याची बाटली आणि टोपी घ्यावी. टोपीचा कडा रुंद असेल तर ओढताना दोरी त्याला लागते, हे घरी एकदा ओढून पाहावे.